चौदा महिन्यांची गाठ

रेणुकाच्या पोटात गाठ लावली त्या दिवशी डोईफोड्यांच्या घरी पेढे वाटले. खरंच वाटले. तिच्या वडिलांनी, नानांनी, देऊळगाव राजाहून दोन किलो आणले आणि शेडनेटवर कामाला येणाऱ्या बायांपासून बियाणं कंपनीच्या इन्स्पेक्टरपर्यंत सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला. एका म्हातारीनं पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, पोरीला दिवस गेले का, आणि लग्न कधी उरकलं, आम्हाला बोलावलं पण नाही. नाना हसले. म्हणाले, "दिवस नाही हो मावशी, गाठ. साधी गाठ हाय, कॅन्सरची नाही."

आता पोटातली गाठ म्हटलं की आपली आधी टरकते. पण ही गाठ वेगळी, आणि ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून एवढं ऐकून घ्या.

आपल्या पोटाला, छातीला, अगदी हृदयालासुद्धा एक अस्तर असतं. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा सुटतो ना, तसलं. पातळ, ओलसर, चकचकीत. आतडी एकमेकांवर घासू नयेत, सुळकन सरकावीत, एवढ्यासाठी ते असतं. ह्या अस्तरावर कधीमधी गाठी येतात. त्यातल्या काही अगदी गरीब असतात. जागच्या जागी वाढतात, कुठं पसरत नाहीत. पण फार पूर्वी डॉक्टरांना ह्या गरिबांमध्ये एखादी अशी सापडायची की जी इन्सुलिनसारखा रस सोडायची. माणूस चांगला धडधाकट, बोलता बोलता रक्तातली साखर उतरायची आणि धाडकन खाली. गाठ काढली की बरा. वर्षानुवर्षं डॉक्टर ती काढत राहिले आणि बादलीत टाकत राहिले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की अरे, इथे घरटी एक माणूस साखरेनं बेजार आहे आणि आपण साखर उतरवणारी गाठ फेकून देतोय? लावता येईल का ती?

आली लावता.

सुयश म्हणजे रेणुकाचा धाकटा भाऊ. नवव्या वर्षापासून सुईवर. त्याच्या शरीराच्या पहारेकऱ्यांनीच त्याच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी खाऊन टाकलेल्या. आता बावीस वर्षांचा झाला तर एक डोळा अधू आणि मूत्रपिंडं कुरकुरायला लागलेली. त्याच्या पोटात कोवळी गाठ लावली असती तर पहारेकऱ्यांनी तीही फस्त केली असती. पण गाठ चौदा महिन्यांची झाली की स्वतःभोवती जाड कवच धरते, मग तिला कुणाचे दात लागत नाहीत. म्हणून पद्धत अशी पडली की गाठ आधी सख्ख्या, निरोगी भावंडाच्या पोटात वाढवायची आणि कवच धरलं की काढून आजारी भावंडाच्या अस्तरावर बसवायची.

आणि अट एकच. ते चौदा महिने गाठ शिकत असते. साखर किती येते, कधी येते, रस किती सोडायचा, सगळं शिकते. कवच धरलं की शिकणं बंद, कायमचं. म्हणून सुयश जे खातो तेच, तेवढंच आणि त्याच वेळेला रेणुकानं खायचं. जालन्याच्या गाठ-केंद्रातल्या डॉक्टर काझींनी तसा तक्ता छापून दिला. सकाळी दीड भाकरी, एक वाटी वरण, असं सगळं मोजून. त्यांनी रेणुकाच्या दंडावर साखर मोजणारी टिकली चिकटवली आणि जे खाशील ते रोज फोनला सांगायचं, म्हणाल्या.

आता तक्ता आणि डोईफोडे.

नाना तीस वर्षं ढोबळी मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट करत होते. बियाण्याची शेती म्हणजे नाजूक काम. मादीच्या कळीतले केसर चिमट्यानं उपटायचे, नराचा पराग बोटानं लावायचा, लावलेल्या फुलाला लोकरीचा धागा बांधायचा. फळ लालबुंद झालं की चिरायचं, बी काढायचं आणि गर खड्ड्यात. एवढ्या सुंदर लाल मिरच्यांचा ढीग सडत पडतो, गुरंसुद्धा हुंगून परत फिरतात. तर कंपनी खताचा तक्ता द्यायची आणि नाना त्याच्यावर एक हात जास्त टाकायचे. तक्ता आळशासाठी असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. छापणारा भीत भीत छापतो, करणाऱ्यानं हात सैल सोडावा, फळ फुगलं की बी भरतं. आणि तीस वर्षं त्यांचं बी सगळ्यात टपोरं निघालं, लॉट एकदासुद्धा नापास झाला नाही. तीस वर्षं बरोबर ठरलेल्या माणसाला कोण समजावणार?

त्यांनी मायला सांगितलं, पोरीला तक्त्यावर ठेवू नको. गाठ भरली पाहिजे.

इथे त्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. सुयशला साखरेचं निदान झालं त्या दिवसापासून घरात गोड बंद झालेलं. त्याच्यासमोर कुणी खायचं नाही, त्याला वाईट वाटेल. दिवाळीला शेव-चिवडा. होळीला पुरण नाही, नुसतं कटाचं आमटीपाणी. रेणुका तेव्हा बारा वर्षांची होती. तेरा वर्षं तिनं गोड खाल्लं नाही आणि त्याबद्दल तिला कधी कुणी विचारलं नाही. ती शेडनेटमध्ये चिमटा घेऊन वाकलेली असायची, दुपारी सगळ्यांचं झालं की उरेल ते खायची. चिखलीचं एक स्थळ आलं होतं, ते गाठीमुळं पुढं ढकललं. त्याबद्दलही विचारलं नाही.

आणि गाठ लावल्याच्या आठव्या दिवशी मायनं तिला कोठीच्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि पदराखालून पुरणपोळी काढली. तुपानं निथळणारी. पहाटे चुलीवर, सुयश उठायच्या आत केलेली.

"खाय," माय म्हणाली.

रेणुका म्हणाली, तक्त्यात नाही. माय म्हणाली, तक्त्यात तुझी माय पण नाही. आणि तिनं घास मोडून स्वतःच्या हातानं रेणुकाच्या तोंडात घातला.

काय झालं असेल त्या पोरीचं, विचार करा. पुरण तर होतंच, पण मायची बोटं ओठांना लागलेली. तिला शेवटचं कधी लागली होती ते आठवेना. डोळे भरून आले तर माय म्हणाली, रडू नको, ठसका लागंल, गाठीला धक्का बसायचा.

म्हणजे रेणुकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हा घास तिच्यासाठी नाही. ती काही मठ्ठ नव्हती. पण घास जातो तोंडातूनच ना. आणि चव जिभेलाच लागते, गाठीला नाही.

मग हे सुरूच झालं. डिंकाचे लाडू, बासुंदी, गुळाचा शिरा, सांज्याच्या पोळ्या. आधी आठ दिवसांनी, मग एक दिवसाआड, मग दिवसातून तीनदा. माय वास दाबायला बाहेर मिरच्यांची धुरी करायची आणि सुयश आतल्या खोलीतून ओरडायचा की ह्या घरात माणसं राहतात का डास. संध्याकाळी रेणुका फोनला सांगायची, दीड भाकरी, एक वाटी वरण.

पकडली का नाही गेली? कारण दंडावरची टिकली फक्त रक्तातली साखर मोजते, आणि साखर चढायच्या आत गाठ ती गिळून टाकत होती. आलेख सरळच्या सरळ. केंद्रातल्या बाया म्हणायच्या, एवढी शहाणी पोरगी पाहिली नाही. जितकं जास्त घालावं तितकी गाठ हावरी होत होती, आणि घातलं नाही तर रेणुकाला कापरं भरायचं, घाम फुटायचा. की टिकलीला खड्डा दिसायच्या आत माय लाडू घेऊन धावत. नाना दारातून पाहायचे आणि समाधानानं मान हलवायचे. त्यांनी एकदा तिच्या पोटावर टिचकी मारून पाहिली, फळ पिकलं का बघतात तशी.

दहाव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर काझींनी पडद्यावर गाठ मोजली आणि पुन्हा मोजली. मोठ्या लिंबाएवढी हवी, ती मोसंबीएवढी होती. त्यांनी खुर्ची वळवली.

"जास्त खातेस का बेटा?"

माय शेजारीच बसलेली. तिनं रेणुकाकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, वरून खाली, वरून खाली. रेणुका म्हणाली, नाही मॅडम, तक्त्याप्रमाणेच. काझींनी लिहून घेतलं. काहींच्या वाढतात मोठ्या, असं स्वतःशीच म्हणाल्या.

चौदा महिने भरले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर काझींनी रेणुकाला एकटीला आत बोलावलं आणि दार लावलं. बाई पन्नाशीच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. म्हणाल्या, मला ह्या गाठीचा आकार आवडत नाही. ती तक्त्यावर वाढलेली असेल तर सुयश उद्यापासून मोकळा झाला. पण ती जास्त खाण्यावर वाढली असेल तर ती तेवढंच मागत राहील, त्याच्या पोटातसुद्धा, जन्मभर. त्यानं खाल्लं नाही तर त्याची साखर उतरेल आणि तो झोपेत जाईल. आणि तुझंही ऐक. चौदा महिने सगळं काम गाठीनं केलंय, तुझं स्वादुपिंड झोपलंय. लहान गाठ काढली तर ते जागं होतं. एवढ्या मोठीनंतर बहुतेक होणार नाही.

रेणुकानं विचारलं, मग गाठ चुकीची असेल तर काय करता?

"काढून टाकून देऊ. तुझं स्वादुपिंड जागं होईल का, ते तेव्हाही बघावंच लागेल. पण सुयशच्या जिवाशी खेळ होणार नाही."

"दुसरी लावता येते?"

"तुझ्या अस्तरावर नाही. एकदाच धरते." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "अजून वेळ आहे. काय खाल्लंस ते मला सांग. मी कुणाला सांगणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना. अहो, जिभेवर आलं होतं तिच्या. पुरणपोळी, एवढा एक शब्द उच्चारला असता तर ही गाठ सुयशच्या पोटात गेलीच नसती. पण दाराच्या काचेतून तिला बाहेरचा बाक दिसत होता. बाकावर सुयश बसला होता आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात पहिल्यांदा काहीतरी चमकत होतं, आणि माय त्याच्या डोक्यावर मोगऱ्याचं तेल चोळत होती. सांगितलं तर गाठ बादलीत. सुयश परत सुईवर, मूत्रपिंडं एखाद-दोन वर्षांची. आणि रेणुका म्हणजे घरात ती, जिनं भावाचं औषध खाऊन संपवलं. कोठीचं दार परत तिच्यासाठी उघडणार नाही. आणि तिला वाटलं, नाना तीस वर्षं चुकले नाहीत. आत्ताच कसे चुकतील?

"तक्त्याप्रमाणेच," ती म्हणाली.

डॉक्टर काझींनी कागद पुढं केला आणि तिनं सही केली.

ऑपरेशन अगदी छान झालं. दुर्बिणीतून गाठ सुटली, सुयशच्या अस्तरावर बसली, तासाभरात लागूसुद्धा झाली. दुसऱ्या दिवशी त्याची सुई बंद. नानांनी परत पेढे आणले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साखरेचं सलाइन काढलं, सुयशनं तक्त्याप्रमाणे दीड भाकरी खाल्ली आणि पाऊण तासानं त्याला चमचा धरता येईना. घामानं गादी भिजली. जीभ जड झाली, मग डोळे फिरले. शिरेतून साखर चढवली तर शुद्धीवर आला आणि अर्ध्या तासात परत गेला. डॉक्टर काझी धावत आल्या, त्यांनी मोजून मोजून साखर चढवत गाठीला किती लागतं ते पाहिलं. आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेवर रेणुकाची साखर चढत चढत चारशेच्या वर गेलेली. घसा कोरडा, पाण्यावर पाणी. तिचं स्वादुपिंड जागं झालंच नाही.

काझींनी सगळ्यांना त्या दोन खाटांच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाल्या, ही गाठ लग्नाच्या पंगतीवर वाढलीय. कुणी सांगणार आहे का मला?

मायनं एका श्वासात सांगितलं. "मी नाही. तीच मागायची."

नाना खिडकीतून बाहेर बघत होते. रेणुकाकडं बोलण्यासारखं होतं भरपूर, पण मायनं ते इतक्या पटकन म्हटलं होतं की रेणुकाला कळलं, हे आज सुचलेलं नाही. हे तयार होतं.

घरी आल्यावर नवीन वेळापत्रक सुरू झालं. दर दीड तासाला साखर उतरायची, सुयशच्या दंडावर आता लावलेली टिकली वाजायची आणि काहीतरी गोड, तुपाचं, त्याच्या पोटात जायलाच हवं. दिवसरात्र. चौदा वर्षं ज्याच्यासमोर कुणी गूळ फोडला नाही, त्याच्यापुढं आता लाडवाचा डबा. पहिले चार दिवस तो खरंच हावऱ्यासारखा खात होता. महिन्याभरात डबा पाहिला की त्याला उमासे यायचे. जबडा दुखायचा. नुकतीच लागलेली नोकरी गेली, कारण दीड तासाच्या वर कुठं थांबताच येईना. तो चिडायचा, दात घट्ट मिटून बसायचा, आणि साखर उतरली की आणखी हट्टी व्हायचा, कारण उतरलेल्या साखरेत माणसाला समजतच नाही की आपण मरतोय.

पण रेणुकाला समजायचं. टिकली वाजायच्या पाच मिनिटं आधी तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. शेवटी ती तिचीच गाठ होती, तिची भूक तिला पाठ होती. नाकाच्या शेंड्यावर घाम येतो, मग बोटं उघडझाप करायला लागतात. म्हणून भरवायचं काम तिच्याकडं आलं. माय रात्रीच्या दोन वेळा बघायची, बाकी सगळं रेणुका. आणि स्वतः ती तक्त्यावर. पोटात सुई टोचून घ्यायची, दीड भाकरी खायची, आणि लाडवाला लागलेली बोटं चाटायचीसुद्धा नाही, धुवून टाकायची.

एकदा सुयशनं तिला सगळं विचारून घेतलं. कोठीत काय काय खाल्लं, कधी, कसं लागलं. तिनं सांगितलं, एकेक. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "बासुंदी आवडली का गं तुला?"

"आवडली."

"छान. मला आता ओकारी येते. निदान एकाला तरी आवडली." आणि हसला. तो हसला त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर काझींनी एक गोष्ट सांगितली. म्हणाल्या, मलाही हे आत्ताच्या तपासण्यांवरून कळलं, ही गाठ एकाच शरीराला बरोबर बसते, ते म्हणजे रेणुकाचं. तिनं तिथंच शिकलंय सगळं. नवी कोवळी गाठ दुसऱ्यांदा धरत नाही, पण ही तयार आहे, तिच्या जुन्या जागेवर परत टाके घालून बसवता येईल. रेणुकाची सुई सुटेल, दिवसातून तीनदा गोड खाल्लं की झालं. पण सुयश परत सुईवर जाईल, मूत्रपिंडांचं मागचं दुखणं परत सुरू होईल. आणि आता गाठ सुयशच्या पोटात आहे म्हणजे कायद्यानं त्याची आहे. त्यानं हो म्हटलं तरच. शिवाय सहा महिन्यांच्या आत, नंतर तिथली मुळं सुटणार नाहीत. विचार करा, पुढच्या खेपेला सांगा.

घरी जाताना जीपमध्ये कुणी विषय काढला नाही. आठ दिवस काढला नाही, महिनाभर काढला नाही. रेणुका वाट बघत होती की सुयश काढेल. मग वाट बघत होती की नाना काढतील. नानांनी एक दिवस जेवताना काढला, आणि एवढंच म्हणाले की एकदा लावलेलं रोप उपटून परत लावलं तर दोन्हीकडं वाळतं. आणि आमटी वाढ म्हणाले.

मग ती दुपार आली. फळं चिरायचे दिवस होते, नाना आणि माय आणि सगळ्या बाया शेडवर बी धूत होत्या. घरात ही दोघंच. सुयश सकाळपासून फुरंगटून बसलेला, अकराचा पहिला लाडू त्यानं भिंतीवर फेकून मारला होता, दुसरा कसाबसा गिळला होता. साडेबाराला रेणुकानं पाहिलं, नाकाच्या शेंड्यावर घाम. ती डबा घेऊन त्याच्यासमोर पाटावर बसली. टिकली वाजायला लागली.

तिनं लाडू हातात घेतला आणि हात मांडीवरच ठेवला.

खरं सांगायचं तर तिनं हे ठरवलं नव्हतं. हात उचललाच नाही, एवढंच. टिकली वाजत राहिली. सुयशची बोटं उघडझाप करायला लागली. त्यानं डब्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"ताई, दे."

"माझं मला परत दे," रेणुका म्हणाली.

त्याला कळायला वेळ लागला. साखर उतरत होती आणि शब्द त्याच्यापर्यंत पाण्यातून जावेत तसे जात होते. मग त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"घे," तो म्हणाला. "घे ना. नकोच आहे मला."

"काझी मॅडमना सांगशील?"

"सांगतो."

"माय नको म्हणाली तरी?"

"सांगतो गं. शप्पथ. दे आता."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली होती. आणि तरी तिनं तिसऱ्यांदा विचारलं. खात्री करायला. तो नुसता मान हलवत राहिला, लहान असताना सुई टोचून घेताना हलवायचा तशी. मग तिनं लाडू फोडून बोटानं त्याच्या गालफडात कोंबला, वर गुळाचं पाणी पाजलं, त्याचं डोकं छातीशी धरून बसली. दहा मिनिटांत त्याचा रंग परतला. नंतर लाज वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटली नाही. तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. त्या आठवड्यात तिनं मनातल्या मनात चिखलीच्या स्थळाला काय कळवायचं तेही जुळवून ठेवलं.

पुढच्या खेपेला जालन्याला चौघंही गेले. डॉक्टर काझींनी सुयशला समोर बसवलं आणि विचारलं, काय ठरवलंस?

"कशाचं?" सुयश म्हणाला.

रेणुका म्हणाली, "तू म्हणाला होतास ना मला. त्या दिवशी दुपारी."

"काय म्हणालो होतो?"

ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तो थापा मारत नव्हता. त्याला थापा मारता यायच्याच नाहीत, लहानपणापासून मान खाली जायची. काझींनी फोनवर त्याच्या टिकलीचा आलेख मागे सरकवला आणि त्या दुपारपाशी बोट थांबवलं. रेषा खड्ड्यात गेलेली. "एवढी उतरल्यावर मेंदू काही जपून ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "त्या वेळचं त्याला आठवणार नाही. कधीच." आणि मग रेणुकाकडं बघून हळूच म्हणाल्या, "टिकली बावीस मिनिटं वाजत होती. घरी कुणी नव्हतं का?"

नाना वळले. माय वळली.

रेणुकानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. तिच्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगितली की तिनं त्याला बावीस मिनिटं कसं बसवून ठेवलं तेही सांगावं लागणार होतं. "मी शेडवर गेले होते," ती म्हणाली.

काझींनी आलेख मिटला. "मग आत्ता सांग, सुयश. आत्ता शुद्धीत आहेस. द्यायची का परत?"

सुयश खाली बघत बसला. खरंच विचार करत होता बिचारा, दिसत होतं. त्यानं एकदा पोटावर हात फिरवला, एकदा अधू डोळा चोळला. मग मायकडं बघितलं.

"त्याचं आता बरं चाललंय की," माय काझींना म्हणाली. "सुई नाही, काही नाही. नुसतं भरवायचं. आणि भरवायला ती हाय ना."

नानांनी कोठीच्या दारातून पाहताना हलवायचे तशी मान हलवली.

"राहू दे मग," सुयश म्हणाला. आणि रेणुकाकडं वळून, अगदी मनापासून म्हणाला, "तुझ्याशिवाय मी एक दिवस नाही जगायचो, ताई."

काझींनी कागदावर काहीतरी खरडलं. पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. तेवढ्यात त्याची टिकली वाजली, आणि खोलीतल्या चौघांनीही एकदमच रेणुकाकडं पाहिलं.

तिनं पिशवीतून डबा काढला. लाडू आख्खा दिला तर त्याला ठसका लागतो, म्हणून मधोमध फोडला.

"आ कर," रेणुका म्हणाली.